कानातला आवाज अंगवळणी कसा पाडावा

“आता याची सवय करून घ्या.” कानात अखंड कुईं वाजत असताना हे वाक्य ऐकून दवाखान्याच्या पायऱ्या उतरलेल्यांसाठी हा लेख आहे. मीही तशीच उतरले होते. सवय करायची म्हणजे घरी जाऊन नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आधी तपासणी पूर्ण करा. आवाज एकाच कानात येतो का, नाडीच्या ठोक्याबरोबर धपधपतो का, चक्कर येते का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना न विसरता सांगा. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी गाठा, त्यात उशीर परवडत नाही. चालू औषधांची यादी सोबत न्या. ॲस्पिरिनचे मोठे डोस, काही अँटिबायोटिक्स आणि केमोथेरपीतलं सिस्प्लॅटिन यांनीही टिनिटस, म्हणजे कानात असा आवाज येणं, होऊ शकतो, पण मनाने कुठलंही औषध बंद करू नका. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, ऐकू कमी येतंय असं निघालं तर श्रवणयंत्राला लाजू नका. बाहेरचे आवाज परत मिळाले की आतला आवाज पुष्कळांच्या बाबतीत मागे सरकतो.

दुसरं, हा आवाज इतका का छळतो ते समजून घ्या. 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू नीट येणाऱ्या 80 जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं. 94 टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. तरीही एरवी त्यांना त्याचा त्रास नव्हता, कारण त्यांच्या मेंदूने त्या आवाजाला धोका ठरवलेलं नव्हतं. रुळांलगतच्या चाळीत माणसं लोकलच्या खडखडाटात झोपतात, पण पाळण्यातलं बाळ कुणकुणलं की आई ताडकन उठते. आवाज किती मोठा यापेक्षा त्याचा अर्थ जागं करतो. टिनिटसचे संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी 1990 मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा हाच आहे: आधी आवाजाची धास्ती ओसरते, आवाज जाणवणं त्यानंतर कमी होतं. आपण मात्र उलट्या टोकाने सुरुवात करतो, आवाज जाण्याची वाट बघत बसतो.

आता रात्र. खरी कसोटी इथेच आहे, म्हणून इथे जास्त वेळ द्या. खोली पूर्ण शांत ठेवू नका. माझा टेबलफॅन थंडीतही चालू असतो, फक्त त्याचं तोंड भिंतीकडे. पावसाचं रेकॉर्डिंगही चालेल. आवाज कानातल्या आवाजापेक्षा किंचित कमी ठेवा, दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू यायला हवेत. कुईं पूर्ण बुडवली तर त्या वेळी बरं वाटतं, पण जे ऐकूच येत नाही त्याची मेंदूला सवय कशी होणार? वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घाला, पेंग आली की परत या. घड्याळ उशापासून दूर ठेवा.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जड गेली: चाचपणी थांबवणं. मी न्हाणीघराचं दार लावून, कानात बोट घालून ‘वाढला का?’ बघायचे, दिवसातून दहा-पंधरा वेळा. प्रत्येक वेळी मेंदूला एकच निरोप जायचा की हे महत्त्वाचं आहे. हात कानाकडे गेला की तो दुसऱ्या कामाला लावा, लसूण सोला, झाडांना पाणी घाला. एकदम सुटत नाही, निम्म्यावर आणा.

ढोलताशा, डीजे असेल तिथे फोमचे बोळे जरूर घाला. घरात मात्र घालून बसू नका. मिक्सर, भांडी, फोडणी यांचेही आवाज मग टोचू लागतात.

गोळ्यांवर पैसे घालवताना थांबा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन टिनिटससाठी देऊ नका असंच सांगितलंय. त्याऐवजी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी उपचारपद्धती, जाणणारा समुपदेशक शोधा. आवाज त्याने कमी होत नाही, त्रास कमी होतो, आणि याला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तीव्र टिनिटसमध्ये असे विचार येतात, त्यात तुमचा कमकुवतपणा नाही.

हे सगळं महिन्याभरात होत नाही. दीड-दोन वर्षं धरून चाला. मध्येच सर्दीने, जागरणाने आवाज उसळेल आणि सगळं पाण्यात गेलंसं वाटेल. त्या दिवशी नवं काही करू नका, पंखा आणि नेहमीची कामं तेवढी चालू ठेवा. आवाज किती मोठा होता हे कुठेही लिहू नका. रविवारी कॅलेंडरवर एवढंच लिहा: या आठवड्यात किती वेळ मी त्याला विसरले होते. माझी पहिली नोंद होती, ‘पुरणपोळ्या लाटताना, बहुतेक दहा मिनिटं.’