ऑपरेशन न करता अपेंडिक्स बरं करायचं असेल तर नेमकं काय काय करावं लागतं

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, मग बाकीचं. ऑपरेशन न करता म्हणजे घरी बसून नाही. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होऊन, सलाईनमधून अँटिबायोटिक घेऊन, आणि गरज पडली तर त्याच रात्री ऑपरेशन करू शकेल असा सर्जन जवळ असताना. काढा, लिंबूपाणी, उपास, पोटावर लेप यातल्या कशानेही सुजलेलं अपेंडिक्स बरं होत नाही, त्यात फक्त वेळ जातो आणि या आजारात वेळ फार महाग आहे.

माझ्या धाकट्या भावाला मागच्या पावसाळ्यात झालं. तो हिंजवडीत कामाला, वाकडला दोन मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. शनिवारी रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं, दुपारी मिसळ खाल्लेली त्यामुळे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की ॲसिडिटी आहे, मग इनो झालं, ओवा झाला, आईने फोनवर सांगितलं बेंबी सरकली असेल, तेल लावून चोळून घे आणि झोपताना चमचाभर एरंडेल घे. फ्लॅटवर एरंडेल नव्हतं म्हणून वाचला. रविवारी सकाळी जवळच्या एका दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, पोटाला हात लावूनसुद्धा बघितलं नाही. दुपारपर्यंत दुखणं बेंबीजवळून सरकून उजवीकडे खाली आलं, दोनदा उलटी झाली, अंगात कसर आली. मी सिंहगड रोडवरून त्याला घ्यायला गेले तर रिक्षात प्रत्येक स्पीडब्रेकरला तो पोट धरून कळवळत होता.

हे स्पीडब्रेकरचं लक्षात ठेवा, डॉक्टर स्वतः विचारतात, गाडी उडाली की पोटात कळ येते का म्हणून. खोकल्यावर, टाचा आपटून उभं राहिल्यावर पण तसंच होतं. बाकी ठरलेली लक्षणं म्हणजे आधी बेंबीपाशी मोघम दुखणं आणि काही तासांनी ते उजव्या ओटीपोटात एका जागी येणं, भूक साफ जाणं, मळमळ, बारीक ताप. पण सगळ्यांचं असं पुस्तकातल्यासारखं होत नाही, लहान मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं तर बऱ्याचदा नाही. आणि उजवीकडे दुखलं म्हणजे अपेंडिक्सच असंही नाही, मुतखडा असू शकतो, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, बायकांमध्ये अंडाशयाची गाठ किंवा नळीत राहिलेला गर्भ असू शकतो आणि तो तर जिवावरचा प्रकार असतो, म्हणून डॉक्टरांनी प्रेग्नन्सी टेस्ट सांगितली तर राग मानू नका, करून टाका.

शंका आली की काय करायचं नाही ते आधी बघू, कारण आपल्या घरांमध्ये नेमकं तेच सगळं पहिल्यांदा केलं जातं. जुलाबाचं औषध, एरंडेल, एनिमा बिलकुल नाही. पोट चोळायचं नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्याने आजार अर्धवट दबतो आणि डॉक्टरांना चित्र कळत नाही. खाणं थांबवा, कारण न जाणो ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. एखादी तापाची गोळी घेतली असेल तर आभाळ कोसळत नाही, किती वाजता कुठली घेतली ते सांगा म्हणजे झालं, पण गोळ्यांवर दुखणं दाबून दोन दिवस काढू नका. आणि खूप दुखत असताना अचानक एकदम बरं वाटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, फुटल्यावर आतला दाब गेल्यामुळे थोडा वेळ असं होऊ शकतं आणि मग पूर्ण पोट दुखायला लागतं.

हॉस्पिटल निवडताना एवढंच बघा की रात्री सोनोग्राफी आणि सीटी होतं का आणि सर्जन, ऑपरेशन थिएटर चोवीस तास आहे का. पुण्यात अशा जागा पुष्कळ आहेत, खर्चाचा प्रश्न असेल तर ससून चोवीस तास उघडं असतं, गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. गणपतीत मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात तेव्हा कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते पेठांमध्ये राहणाऱ्यांनी आधीच माहीत करून ठेवलेलं बरं.

आता तपासण्या, आणि माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो. रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं प्रथिन) बघतात, लघवी बघतात, सोनोग्राफी करतात. सोनोग्राफीत बऱ्याचदा गॅसमुळे किंवा पोटावरच्या चरबीमुळे अपेंडिक्स दिसतच नाही, रिपोर्टवर तसं लिहून येतं, त्याचा अर्थ ते ठीक आहे असा होत नाही. ऑपरेशन टाळायचा विचार असेल तर सीटीला का कू करू नका, कारण विनाऑपरेशन उपचारावर जे मोठे अभ्यास झालेत त्यात तपासणी आधी पक्की केलेली होती, त्याशिवाय ते आकडे आपल्याला लावता येत नाहीत. रिपोर्ट आला की सर्जनला तीन गोष्टी विचारा, अपेंडिक्स फुटलंय का, आजूबाजूला पू किंवा गोळा झालाय का, आणि आत खडा आहे का.

खड्याचं महत्त्व समजून घ्या. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीसारखी बारीक नळी, एका बाजूने बंद. तिचं तोंड कडक झालेल्या विष्ठेच्या खड्याने किंवा आतल्या सुजेने बंद झालं की आत जंतू वाढतात, दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी होतो, भिंत सडायला लागते आणि मग फुटते. अँटिबायोटिकने जंतू मरतात, सूज उतरते, पण खडा जागचा हलत नाही. अमेरिकेत १५५२ मोठ्या माणसांवर झालेला कोडा नावाचा अभ्यास २०२० साली आला, त्यात अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी २९ टक्के लोकांना ९० दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं, पण खडा असलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४१ टक्के होतं आणि नसलेल्यांमध्ये २५. म्हणून खडा दिसला तर बहुतेक सर्जन सरळ ऑपरेशन सांगतात आणि मला ते पटतं.

फिनलंडच्या ॲपॅक अभ्यासात तर खडा असलेले पेशंट घेतलेच नव्हते. सीटीवर साधं, न फुटलेलं अपेंडिक्स दिसलेले ५३० लोक, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना अँटिबायोटिक. औषधवाल्यांपैकी साधारण २७ टक्के लोकांचं पहिल्या वर्षात ऑपरेशन झालं, पाच वर्षांनी बघितलं तेव्हा साधारण ३९ टक्के लोकांना पुन्हा त्रास झालेला होता. म्हणजे दहातल्या सहा जणांचं पाच वर्षं तरी औषधावर भागलं. हे कमी नाही, पण चार जणांचं भागलं नाही हेही तितकंच खरं आणि निर्णय घेताना दोन्ही आकडे समोर ठेवा. कोडामध्ये आणखी एक गोष्ट दिसली, औषधवाल्यांचे कामाचे सरासरी पाच दिवस बुडाले, ऑपरेशनवाल्यांचे जवळपास नऊ.

ही काही कालपरवाची कल्पना नाही, इंग्लंडमध्ये कोल्ड्री नावाच्या सर्जनने १९५० च्या दशकातच असे पेशंट अँटिबायोटिकवर ठेवले होते, पण लोकांचं खरं लक्ष गेलं ते कोविडमध्ये, ऑपरेशनं कमी करायची वेळ आली तेव्हा.

कोणी या वाटेला जाऊच नये तेही सांगते. अपेंडिक्स फुटून पोटभर इन्फेक्शन पसरलेलं असेल, पोट लाकडासारखं कडक झालं असेल, बीपी पडत असेल, तर चर्चा नको, ऑपरेशन. गरोदर बाईला साधारणपणे ऑपरेशनच सांगतात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील त्यांनी औषधांवर थांबायचा हट्ट करू नये. गोळा धरलेला असेल तर प्रकार वेगळा, तिथे सर्जन स्वतःच आधी अँटिबायोटिक देतात, पू असेल तर सुईने नळी टाकून काढतात आणि ऑपरेशनचं नंतर बघतात. आणि तुमचं कामच असं असेल की महिनोन्महिने डोंगरात, बोटीवर, हॉस्पिटलपासून लांब राहायचंय, तर ऑपरेशन करून मोकळं व्हा. १९६१ मध्ये अंटार्क्टिकाच्या रशियन तळावर डॉक्टर रोगोझोव्ह एकटाच डॉक्टर होता, त्याने आधी अँटिबायोटिकच घेऊन बघितलं, उतरेना, शेवटी स्वतःचं ऑपरेशन स्वतः करावं लागलं.

भावाच्या सीटीत खडा नव्हता, फुटलेलं नव्हतं. सर्जन मॅडम त्याला म्हणाल्या, "हे बघ, आज ऑपरेशन टाळता येईल, कायमचं टळेल असं मी म्हणत नाहीये. दुर्बिणीतून करायचं म्हटलं तर तेही सोपं ऑपरेशन आहे. दोन्ही रस्ते चांगले आहेत, कुठला घ्यायचा ते तू ठरव." त्याने औषध निवडलं. आईला वाटत होतं कापाकापी नको म्हणून पोरगं घाबरतंय, पण त्याने आकडे विचारून ठरवलं आणि मला ते आवडलं.

ॲडमिट झाल्यावर पहिले २४ ते ४८ तास महत्त्वाचे. तोंडाने काही नाही, सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक, दर काही तासांनी ताप, नाडी, आणि दिवसातून दोनतीनदा पोट दाबून बघणं, शक्यतो त्याच डॉक्टरने. दुखणं कमी होत जायला पाहिजे, ताप उतरायला पाहिजे, भूक परत यायला पाहिजे. तसं झालं नाही, नाडी वाढली, दुखणं पसरलं तर नुसत्या औषधावर न थांबता ऑपरेशन, आणि याची मनाची तयारी आणि सही आधीच ठेवा, त्या वेळी घरच्यांनी अजून एक दिवस बघू म्हणून घासाघीस करू नये. भावाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भूक लागली तेव्हा आम्ही श्वास सोडला. तीन दिवस शिरेतून आणि पुढे सात दिवस गोळ्या, फिनलंडच्या अभ्यासातही असंच होतं, पण औषध कुठलं आणि किती दिवस ते तुमचे डॉक्टर ठरवतील, दुसऱ्या कुणाची चिठ्ठी वापरून दुकानातून आणू नका.

मेडिक्लेमचं सांगायचं राहिलं, ऑपरेशन नाही म्हटल्यावर ॲडमिट कशाला केलं अशी क्वेरी येऊ शकते, आम्हाला आली होती, तर शिरेतून औषध का लागलं हे डिस्चार्ज कार्डवर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.

घरी आल्यावर गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा, चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. मेट्रोनिडाझोल असेल तर तोंडाला लोखंडासारखी कडवट चव येते, मळमळतं, जेवणानंतर घेतली तर सुसह्य होतं, आणि ती चालू असताना आणि संपल्यावरही दोनतीन दिवस दारू अजिबात नाही. लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची गोळी असेल तर कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं पातळ औषध त्याच्याबरोबर घेऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि टाचेच्या वरची शीर दुखायला लागली तर लगेच कळवा, तेवढे दिवस सिंहगड चढणं, पळणं बंद ठेवा. पातळ जुलाब सारखे व्हायला लागले किंवा रक्त पडलं तर स्वतःच्या मनाने जुलाब थांबवायची गोळी न घेता डॉक्टरांना फोन.

खाण्याचं फार अवघड करून ठेवू नका. आधी पेज, वरणाचं पाणी, ताक, मग मऊ भात, मुगाची खिचडी, दोनतीन दिवसांत नेहमीची पोळीभाजी. भरपूर पाणी, पोट साफ राहील असं जेवण. पेरूच्या बिया, टोमॅटोच्या बिया खाल्ल्या म्हणून अपेंडिक्स होतं असं आमच्या आत्या अजून सांगतात, त्या भीतीने फळं सोडू नका. कुठलाही पदार्थ खाऊन परत होणार नाही अशी खात्री कोणी देत असेल तर तिथे पैसे घालवू नका. टाके नाहीत त्यामुळे चालणं फिरणं पहिल्या दिवसापासून, ऑफिस मात्र अंगात ताकद वाटेल तसं, भावाने आठवडाभर घरून काम केलं आणि दुपारी झोपायचा.

आठदहा दिवसांनी सर्जनला दाखवायला जायचंच. वय चाळिशीच्या पुढे असेल आणि विशेषतः गोळा झालेला असेल तर काही आठवड्यांनी आतड्याची दुर्बीण किंवा परत सीटी करायला सांगतात, कारण त्या वयात क्वचित खाली गाठ लपलेली असते, ते टाळू नका.

परत त्रास व्हायचा तर पहिल्या वर्षात जास्त शक्यता. तसंच दुखणं, ताप, उलटी आली की या वेळी इनो नाही, ओवा नाही, थेट हॉस्पिटल, आणि परत झालं तर बहुतेक सर्जन ऑपरेशनच सुचवतील. डिस्चार्ज कार्ड आणि सीटीच्या रिपोर्टचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, बाहेरगावी गेल्यावर समोरच्या डॉक्टरला अपेंडिक्स अजून पोटात आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. भावाच्या दोन्ही रूममेट्सच्या फोनमध्ये पण ते फोटो आहेत आणि आईने तिच्या औषधांच्या डब्याच्या झाकणावर सर्जन मॅडमचा नंबर चिकटवून ठेवलाय.