आई-वडिलांच्या पंचकर्माचा खर्च विम्यातून कसा मिळवावा

गुडघे धरले, कंबर आखडली, पक्षाघातानंतर हातात जोर राहिला नाही, की घरातली ज्येष्ठ मंडळी वैद्यांकडे जायचं म्हणतात. मग प्रश्न येतो, मेडिक्लेममध्ये बसेल का? बसतं, पण अटी आहेत. १ एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) विमा कंपन्यांना आयुष, म्हणजे आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा पद्धतींचे उपचार इतर उपचारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे. त्याआधी अनेक पॉलिसींमध्ये आयुषसाठी वेगळी, तुटपुंजी मर्यादा असायची. म्हणून जुनी फाइल बाजूला ठेवा आणि ताज्या नूतनीकरणाचे कागद काढा.

आधी पॉलिसीसोबतचं ग्राहक माहितीपत्रक वाचा. ते मराठीतही मागता येतं. त्यात तीन गोष्टी शोधा: आयुषची मर्यादा, को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) आणि प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ). ज्येष्ठांचं घोडं बहुधा तिसऱ्यापाशी अडतं. वयोमानाने होणारी सांध्यांची झीज बऱ्याच पॉलिसींमध्ये प्रतीक्षा कालावधीच्या यादीत असते आणि हा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. पॉलिसी गेल्या वर्षी घेतली असेल, तर गुडघ्याचा क्लेम आयुर्वेदाचा असो की ॲलोपॅथीचा, अडकू शकतो.

मग रुग्णालय तपासा. पाटी पाहून ठरवू नका. किमान ५ खाटा, चोवीस तास पात्र वैद्य, उपचारांसाठी स्वतंत्र विभाग आणि रुग्णांच्या रोजच्या नोंदी, एवढं तिथे असावं लागतं. निसर्गोपचार केंद्र, स्पा किंवा रिसॉर्टमधलं ‘पंचकर्म पॅकेज’ सर्रास नाकारलं जातं. होमिओपॅथीचं औषध बहुतेक जण घरूनच घेतात, तेव्हा ओपीडीचं कव्हर नसेल तर तो खर्च आपलाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: केसपेपर. क्लेमचा निकाल इथेच लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे. विमा कंपनीचा एकच प्रश्न असतो, ॲडमिट करण्याची गरज काय होती? डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘शरीरशुद्धी’ किंवा ‘पंचकर्म, ७ दिवस’ असं लिहिलं असेल तर कंपनी त्याला विश्रांती म्हणून मोकळी होते. त्याऐवजी निदान काय, त्रास केव्हापासून, जिना चढता येतो का, बाहेरून कोणती औषधं घेऊन झाली, एक्स-रेत काय दिसलं, हे वैद्यांनी लिहायला हवं. रोज कोणता उपचार झाला (जानुबस्ती, पिंडस्वेद, बस्ती), रुग्णाला कितपत फरक पडला, हेही तारखेनिशी हवं. जे खरं आहे तेवढंच, पण पूर्ण. वैद्यबुवा मोघम लिहीत असतील तर दाखल होण्याआधीच गोडीने विषय काढा.

ठरवून दाखल होताना कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) साधारण ४८ तास आधी कळवा, कॅशलेस (कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते ती सोय) आहे का विचारा आणि मंजुरी लेखी घ्या. कॅशलेस विनंतीवर तासाभरात निर्णय द्यावा असा नियम आहे. बिल एकगठ्ठा नको: खोलीभाडं, वैद्यांची फी, उपचार, औषधं वेगवेगळी लिहून घ्या. तेल-काढ्यांची बिलं चिठ्ठीशी जुळली पाहिजेत. च्यवनप्राशासारखं टॉनिक, जे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं, ते बिलात घुसवू नका. उगीच बाकीच्या बिलांवरही संशय येतो. पैसे भरून नंतर क्लेम करणार असाल तर सगळ्या कागदांच्या झेरॉक्स ठेवून मूळ प्रती डिस्चार्जनंतर ३० दिवसांच्या आत द्या.

क्लेम नाकारला तर पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते लेखी मागा. त्यावर वैद्यांचं स्पष्टीकरण जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) तक्रार करता येते. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज पडला पाहिजे.