आपल्या गल्लीचा इतिहास कसा काढावा? एका दादरकरणीच्या वहीतून

‘जुन्या काळाबद्दल काहीतरी सांगा ना,’ असं म्हणत कुणाच्या घरी जाऊ नका. ‘तेव्हा सगळं स्वस्त होतं, शेजार चांगला होता’ एवढंच हाती लागतं आणि चहा तेवढा होतो. मी हिंदू कॉलनीत राहते. आमच्या गल्लीतल्या इमारती, दुकानं आणि पहिले भाडेकरू यांची एक वही मी करतेय. माझी पद्धत एकच: आधी कागद, मग माणसं.

कागद सरकारी दप्तरातलेच हवेत असं नाही. भाडेपावत्या, लग्नपत्रिका, रेशनकार्डं, दुकानांची बिलं चालतात. माळ्यावरच्या ट्रंका उघडायला लावा. तारीख नसली तरी काळ लागतो. माझ्याकडे एका लाँड्रीचं बिल आहे: दोन धोतरं, एक कोट, चार पातळं. वर छापलंय ‘दादर, मुंबई १४’ आणि तारखेवर नेमका शाईचा डाग. पण रक्कम ‘न. पै.’मध्ये. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला आणि १९६४मध्ये ‘नवे’ गळून नुसते पैसे उरले. म्हणजे बिल साधारण त्या सात वर्षांतलं. (छापलेली बिलबुकं संपेपर्यंत वापरत, म्हणून एखादं वर्ष पुढे धरा.) आणे असते तर त्याआधीचं, छापील पिनकोड असता तर १९७२नंतरचं. पत्त्यात ‘जी. आय. पी. स्टेशनजवळ’ छापलेलं असेल तर बहुधा १९५१च्या आधीचं, कारण त्या वर्षी जी. आय. पी.ची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मध्य रेल्वे झाली. लोकांच्या तोंडी जुनं नाव पुढेही राहतं, म्हणून ही खूण छापील कागदालाच लावा.

इमारतीसाठी सोसायटीचं कपाट गाठा. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याचे प्लॉट त्यानेच आखून भाडेपट्ट्याने दिले. १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. मूळ भाडेपट्ट्याची प्रत मिळाली, तर प्लॉट पहिल्यांदा कुणी घेतला ते कळतं. नाहीच मिळाली तर सी. एस. नंबर (जागेचा भूमापन क्रमांक) शोधा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या भूमापन कचेरीतून मिळकत पत्रिका काढा. सेक्रेटरीशी मात्र गोड बोला. पुनर्विकासाच्या दिवसांत कागद मागणारा प्रत्येकजण बिल्डरचा माणूस वाटतो.

दुकानांची नोंद मालकाच्या नावाने करू नका, गाळ्याच्या नावाने करा. एका पानावर एकच गाळा, त्यात कोण कोण आले ते खाली खाली लिहीत जा. पिठाची गिरणी, मग शिंपी, मग झेरॉक्स, आता मोमो. मालक बदलतात, भाऊ वेगळे होतात, पाटीवरचं नाव तेच राहतं. गाळा कुठे जात नाही.

आता माणसं. ‘किती साली?’ हा प्रश्न फुकट जातो. ‘ट्राम होती तेव्हा हे दुकान होतं का?’ असं विचारा. दादर टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला रात्री इथेच आली. त्या पिढीला ते हमखास आठवतं. भाडं वसूल करायला कोण यायचं, दूध कुणाकडून, पहिला फोन कुणाकडे, हेही विचारा. फोन असलेल्या घराचं नाव निघालं की निरोप घेऊन धावणारी सगळी पोरं आपोआप गोष्टीत येतात. पागडीचे वाद चालू असलेल्या घरांची नावं मात्र वहीतच ठेवा, छापू नका.

पाडकामाची नोटीस लागली असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी फोटो काढा. जिन्याची जाळी, पत्रपेट्या, फरशीची नक्षी, भाडेकरूंच्या नावांची लाकडी पाटी. भंगारवाला सगळ्यात आधी हेच उचलतो.