जीमॅटचा अभ्यास करताय? या चुका टाळा

बिझनेस स्कूलच्या प्रवेशासाठी जीमॅट ही परीक्षा द्यायची असं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी पुस्तकं गोळा करतात. ओळखीत कुणीतरी परीक्षा दिलेली असते, त्यांचा गठ्ठा घरी येतो आणि पहिल्या पानापासून अभ्यास सुरू होतो. मेहनत खरी असते, म्हणूनच ती वाया जाताना बघवत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं नवं स्वरूप आलं आणि जानेवारी २०२४ अखेर जुनं बंद झालं. त्रिकोण-वर्तुळांची भूमिती, वाक्यदुरुस्तीचे प्रश्न आणि निबंध हे तिन्ही आता नाहीत. तरीही क्षेत्रफळाची सूत्रं घोकणारे आणि व्याकरणाचे नियम पाठ करणारे अजून भेटतात. जुनं पुस्तक टाकून देऊ नका. भूमिती, वाक्यदुरुस्ती आणि निबंध एवढी प्रकरणं सोडून द्या, बाकीची वापरा. गुणांची पट्टीही बदलली आहे. पूर्वी २०० ते ८०० होती, आता २०५ ते ८०५ आहे आणि गुणांचा शेवटचा अंक नेहमी ५ असतो. जुन्या ७०० च्या तोडीचा आकडा आता साधारण ६४५ आहे. सराव चाचणीत ६४५ मिळाले म्हणून खचलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना हा फरक कुणी सांगितलाच नव्हता.

डेटा इनसाइट्स शेवटावर ढकलणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. परीक्षेत तीन विभाग असतात आणि प्रत्येकाला ४५ मिनिटं मिळतात: क्वांटचे (गणित) २१ प्रश्न, व्हर्बलचे (उतारे आणि तर्क) २३ आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते, आलेख आणि माहिती पारखणं) २०. एकूण गुणांत तिघांचा वाटा सारखाच. पण अभ्यासाच्या वेळापत्रकात पहिल्या दोघांना महिने मिळतात आणि तिसऱ्याला शेवटचा आठवडा.

या विभागातले डेटा सफिशियन्सीचे प्रश्न शाळेतल्या सवयीच्या अगदी उलटे असतात. उत्तर काढायचं नसतं. दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का, एवढंच ठरवायचं असतं. समजा प्रश्न आहे, ‘क्ष ही संख्या ५ पेक्षा मोठी आहे का?’ आणि विधान आहे, ‘क्ष ३ पेक्षा लहान आहे.’ अनेक जण इथे ‘अपुरी माहिती’ म्हणून पुढे जातात, कारण उत्तर ‘नाही’ येतं. पण ते ‘नाही’ पक्कं आहे, म्हणजे माहिती पुरेशी आहे. दुसरी नेहमीची फसगत म्हणजे पहिल्या विधानातली गोष्ट डोक्यात ठेवूनच दुसरं तपासणं. आधी दोन्ही विधानं स्वतंत्रपणे तपासा. एकट्याने भागलं नाही तरच दोन्ही एकत्र घ्या.

तक्ते आणि आलेखांच्या ज्या प्रश्नांना दोन-तीन भाग असतात, तिथे सगळे भाग बरोबर आले तरच गुण मिळतात. कॅल्क्युलेटर पडद्यावर असतो, पण फक्त याच विभागात. क्वांटचा सराव मोबाइलवर आकडेमोड करून केला असेल तर परीक्षेत हात अडखळतो.

व्हर्बलमध्ये स्वतःचं मत घालणं

तर्काच्या प्रश्नांत स्वतःची माहिती आणि मतं आड येतात. ‘कंपनीने जाहिरात वाढवली, त्यानंतर विक्री वाढली, म्हणजे जाहिरातीमुळेच विक्री वाढली’ या युक्तिवादाला धक्का देणारा पर्याय शोधायचा आहे. जाहिराती महाग असतात, हे खरं असलं तरी इथे निरुपयोगी. त्याच महिन्यात मुख्य प्रतिस्पर्ध्याने दुकान बंद केलं, हा पर्याय नेमका घाव घालतो. आधी निष्कर्षाचं वाक्य शोधा, मग पर्यायांकडे वळा.

गुण एकाच जागी अडकले तर

तीन-चार मॉक (सराव चाचण्या) झाले आणि आकडा हलत नाही, अशी वेळ जवळजवळ प्रत्येकावर येते. घाबरून माणूस आणखी मॉक देतो. ते थांबवा. मॉकने स्थिती कळते, पण उणीव भरून निघत नाही. एक वही करा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: संकल्पना माहीत नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपत आला म्हणून अंदाज मारला. ‘सिली मिस्टेक’ असं मात्र लिहू नका, त्या दोन शब्दांमागे खरं कारण लपतं. उत्तर वाचून ‘अच्छा, असं होतं’ म्हणणंही पुरेसं नाही. तोच प्रश्न आठवड्याने कोऱ्या कागदावर सोडवून बघा. नशिबाने बरोबर आलेले प्रश्नही वहीत हवेत.

बऱ्याचदा या वहीतून कळतं की अडचण गणिताची नाहीच, वेळेची आहे. एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास मिळतात. एकावर पाच मिनिटं घालवली तर शेवटचे एक-दोन प्रश्न हातातून जातात, आणि विभाग अपुरा राहिला तर गुण कापले जातात. अडकलात तर उत्तर निवडा, खूण करा आणि पुढे चला. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरं बदलता येतात. मॉकमध्येही हेच करा.

परीक्षा घेणारी जीमॅक ही संस्था दोन अधिकृत मॉक मोफत देते. त्यातला एक शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. आणि प्रवेशअर्जाच्या अगदी तोंडावरची तारीख घेऊ नका. पुन्हा परीक्षा द्यावी लागली तर मध्ये किमान १६ दिवस जावे लागतात.