रेखाचित्राची पाठ पुसू नका: या चुका टाळा

बडोद्याच्या विद्यापीठात १९५० साली ललितकला शाखा सुरू झाली आणि इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवू लागले. त्या काळातलं एखादं रेखाचित्र दांडिया बाजारातल्या जुन्या घरात अजून निघतं. ते कुणाचं, कुणाकडून आलं, कुठे मांडलं गेलं, हे बहुधा मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. आणि आपण नेमकं तेच फेकतो.

मीही फेकलं. काकांचं शाईचं रेखाचित्र नवी काच बसवायला दिलं, तर फ्रेम चकचकीत होऊन आली आणि जुना पुठ्ठा कचऱ्यात गेला. त्यावर प्रदर्शनाची चिठ्ठी होती, अनुक्रमांकासकट. ‘मागचं सगळं परत द्या’ एवढं सांगायला मला काय झालं होतं! फ्रेम उघडण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. पुठ्ठा जपा, पण चित्रापासून वेगळा. जुन्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो.

माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसावं म्हणून कडा कापू नका. सही-तारीख जाते, शिवाय प्रदर्शनाच्या कॅटलॉगमधलं माप पुन्हा कधी जुळत नाही. सेलोटेप नको. पाठीवर बॉलपेन तर नकोच.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे कॅटलॉगमधलं शीर्षक जुळलं की ‘हेच ते’ म्हणणं. ‘बसलेली स्त्री’ शेकडो असतात. माध्यम, माप, साल, तिन्ही ताडून पाहा. चिठ्ठीही तपासा. १९६५ च्या प्रदर्शनाची म्हणतात आणि गॅलरीच्या पत्त्यात पिनकोड छापलाय? पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. तिथे १९४८ मध्ये मांडलेलं चित्र ही नुसती घरगुती दंतकथा.

पावती हातात असली तरी चित्र छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो सहसा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. बेंद्रे १९९२ मध्ये गेले, म्हणजे २०५२ अखेरपर्यंत.

मालकीच्या साखळीत एखादा दुवा नसेल तर तिथे अंदाजाने नाव घालू नका, जागा कोरी ठेवा आणि घरातल्या बायकांना विचारा. काका ‘कुणीतरी दिलं’ यापुढे कधी गेले नाहीत. काकू मात्र पटकन म्हणाली, ‘‘अरे, आमच्या लग्नातला आहेर तो!’’ ट्रंकेतून आहेराची वही निघाली. देणाऱ्याचं नाव त्यात होतं, स्टीलच्या डब्याच्या खालच्या ओळीत.