चौदा वर्षांखालचा संघ आणि साखळी स्पर्धेचा एक हंगाम: व्यवस्थापकाच्या कामाचं टाचण

जिल्हा किंवा क्लबचा १४ वर्षांखालचा संघ साखळीत उतरवायचा ठरला की चर्चा सुरू होते ती सलामीला कोण आणि कर्णधार कोण याची. हंगाम मात्र बिघडतो कागदपत्रांमुळे, नाहीतर एखाद्या वेगवान गोलंदाजाची पाठ डिसेंबरातच धरल्यामुळे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कागद आधी, नेट नंतर

राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत. मुंबईची वेगळी, पुण्याहून चालणारी महाराष्ट्राची वेगळी आणि नागपूरची विदर्भाची वेगळी. ठाणे-पालघरची मुलं मुंबईकडे, विदर्भातल्या ११ जिल्ह्यांची नागपूरकडे. बदलीमुळे घर हललेलं असेल तर रहिवासाचा पुरावा कुठला धरला जाईल, हे नाव देण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

बीसीसीआयच्या स्पर्धांत वय १ सप्टेंबरला मोजतात. स्थानिक स्पर्धेची तारीख परिपत्रकात पाहा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेल्या मुलावरून दरवर्षी कुठे ना कुठे वाद होतोच. प्रत्येक मुलाची एक फाइल करा: जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड, पालकांचं संमतिपत्र, पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो. मग तिन्ही दाखल्यांवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. दाखल्यावर 'ओम' आणि आधारवर 'ओंकार' असेल तर दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत खेटे घालावे लागतात, त्यात आठवडे जातात. हे काम ऑगस्टमध्येच उरका.

वयात खोट करायला कोणी पालक सुचवत असेल तर तिथेच थांबवा. पुढे १६ वर्षांखालच्या राज्य संघाच्या वेळी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, आणि खोटा दाखला सापडला तर बीसीसीआयची दोन वर्षांची बंदी बसते.

पंधरा मुलं आणि सामान

पंधराच्या संघात चार वेगवान, तीन फिरकी, दोन यष्टिरक्षक आणि उरलेले फलंदाज, असा हिशेब ठेवा. चार वेगवान कमीत कमी, कारण एक जण नेहमी विश्रांतीवर असायला हवा. प्रत्येक मुलाला किमान किती सामने खेळवणार ते पालकांना पहिल्याच बैठकीत सांगा. न सांगितलेलं नंतर सीमारेषेवर ओरडून विचारलं जातं.

टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलाला थेट नव्या सीझन बॉलसमोर, म्हणजे कडक चामड्याच्या चेंडूसमोर, उभं करू नका. आठवडाभर सिंथेटिक चेंडूवर, मग जुन्या सीझन बॉलच्या थ्रोडाउनवर (जवळून हाताने फेकलेल्या चेंडूवर), आणि त्यानंतर नेटमध्ये गोलंदाजासमोर. चेंडूचं वजनही तपासा. मोठ्यांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा आणि १३ वर्षांखालचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. स्पर्धेत जो वापरणार त्याच वजनाच्या चेंडूवर सराव करा, नाहीतर मुलांचे थ्रो आणि झेल पहिल्या सामन्यात बिनसतात.

बॅट 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून मोठी घेतली जाते, आणि मुलगा वर्षभर आडव्या बॅटने खेळायला शिकतो. वरच्या एका हाताने दहा सेकंद आडवी धरता आली नाही तर ती जड आहे. फलंदाजाला हेल्मेट सक्तीचं, आणि स्टंपजवळ उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकालाही.

मॅट अंथरणं

टर्फ, म्हणजे माती-गवताची खेळपट्टी, मिळालं तर उत्तमच. तालुक्याच्या बऱ्याच मैदानांवर मात्र मुरुमाच्या पट्टीवर काथ्याची मॅट असते, आणि ती नीट न अंथरल्याने सामने खराब होतात. आदल्या संध्याकाळी पट्टीवर हलकं पाणी मारून रोलर फिरवा. सकाळी पट्टी कोरडी झाल्यावरच मॅट टाका, ओल्यावर टाकलीत तर चेंडू थांबून येतो. आधी एका टोकाला सगळे खिळे ठोका. मग चौघांनी दुसरं टोक ओढून धरायचं आणि पाचव्याने ठोकायचं. बाजूचे खिळे मधल्या भागातून दोन्ही टोकांकडे जात, समोरासमोर ठोका. एक बाजू पूर्ण करून दुसरी घेतली की तिरकी सुरकुती पडते, आणि ती नेमकी गुड लेंग्थवर, म्हणजे चांगला चेंडू टप्पा घेतो तिथेच, येते. पायाने घासून मॅट सरकली तर सगळं पुन्हा करा. ढिल्या मॅटवर चेंडू पकडून वळतो, मुलांना वाटतं आपला फिरकीवाला जादूगार आहे आणि टर्फवर गेल्यावर त्याचा चेंडू सरळ जातो.

मॅटची कड किंवा जोड गोलंदाजाचा पुढचा पाय पडतो तिथे येऊ देऊ नका. घोट्याच्या दुखापती तिथेच होतात. मॅटवर लोखंडी स्पाइक नकोत, रबरी तळाचे बूट हवेत. खिळ्यांची डोकी मॅटच्या वर राहिलेली नाहीत ना, हे दर सत्रानंतर हाताने चाचपून बघा.

गोलंदाजांची वही

वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांना कमरेच्या मणक्यात ताणामुळे बारीक तडा जाण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. हाड अजून पक्कं झालेलं नसतं, आणि प्रत्येक चेंडूला त्यावर पीळ आणि दाब एकदम येतो. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या इंग्लंडच्या बोर्डाच्या मर्यादा इथेही लावण्यासारख्या आहेत. १३ वर्षांखाली एका स्पेलमध्ये (एकाच टोकाकडून सलग टाकलेल्या षटकांत) ५ आणि दिवसात १० षटकं, १४ आणि १५ वर्षांखाली ६ आणि १२. स्पेल संपल्यावर त्याच टोकाकडून तेवढीच षटकं इतरांची पडेपर्यंत त्याच्या हाती चेंडू द्यायचा नाही. म्हणजे सहा षटकांनंतर साधारण पाऊण-एक तास. सात दिवसांत जास्तीत जास्त चार दिवस गोलंदाजी, आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस नाही.

या मर्यादा सामन्यात पाळल्या जातात, घोळ होतो सामन्याबाहेर. तोच मुलगा मंगळवारी शाळेकडून टाकतो, गुरुवारी अकादमीच्या नेटमध्ये तासभर टाकतो आणि शनिवारी तुमच्याकडे येतो. तिघांपैकी कोणीच बेरीज करत नाही. ती तुम्ही करा. शंभर पानी वहीत प्रत्येक वेगवान गोलंदाजाला एक पान द्या आणि रकाने आखा: तारीख, सामन्यातले चेंडू, नेटमधले चेंडू, बाहेरचे चेंडू, दुखतं का. शेवटचा प्रश्न मुलाला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत तो 'नाही' म्हणणारच.

एक आठवडा असा बसवता येतो. शनिवारी १२ षटकं, रविवारी ८, सोमवारी पूर्ण सुट्टी, मंगळवारी फक्त फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण, बुधवारी नेटमध्ये २४ चेंडू, गुरुवारी ३०, शुक्रवारी काही नाही. झाले १७४ चेंडू. नियमाने बसतं, पण आदल्या आठवड्यात त्याने ६०च टाकले असतील तर हा आकडा घातक आहे, कारण शरीराला अचानक वाढ झेपत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर नेमकं हेच होतं. पंधरा दिवस आजोळी चकल्या खाऊन आलेला मुलगा पहिल्याच शनिवारी बारा षटकं टाकतो. सुट्टीनंतरच्या तीन आठवड्यांत ७०, १०० आणि १३० चेंडू असं चढत जा. त्या दरम्यान सामना आला तर त्याला फलंदाज म्हणून खेळवा.

उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या कमरेत डावीकडे, एकाच बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर त्याच दिवशी गोलंदाजी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवा. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. मलम चोळून, पट्टा बांधून 'एवढा सामना काढ' म्हणणं म्हणजे काही आठवड्यांच्या विश्रांतीचं दुखणं काही महिन्यांवर नेणं.

सामन्याचे दोन दिवस

दोन दिवसांच्या सामन्यात निकाल लागला नाही तर पहिल्या डावाची आघाडी गुण देते, त्यामुळे सगळी स्पर्धाच पहिल्या डावाभोवती फिरते. मुलांना एकच लक्ष्य द्या: पहिली २० षटकं दोनपेक्षा जास्त विकेट न गमावता काढायची. थंडीत सकाळी दवामुळे चेंडू ओला होतो. सुकं फडकं पंचांना दाखवून कर्णधाराच्या खिशात असू द्या.

फॉलोऑनचा, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवण्याचा, आकडा कर्णधाराला पाठ हवा. क्रिकेटच्या नियमांनुसार दोन दिवसांच्या सामन्यात १०० धावांची आघाडी लागते. २०० हा पाच दिवसांच्या कसोटीचा आकडा आहे. मुलांना टीव्हीमुळे तोच माहीत असतो. पहिला दिवस पावसाने पूर्ण गेला तर सामना एका दिवसाचा धरून ७५ चा आकडा लागू होतो. स्पर्धेच्या नियमपत्रिकेत वेगळं काही असेल तर तेच लागू होतं.

फलंदाजाच्या तोंडाशी क्षेत्ररक्षक उभे करायचा मोह आवरा. १३ वर्षांखालच्या मुलाला मधल्या स्टंपपासून १० मीटरच्या आत आणि १४-१५ वर्षांखालच्याला ७.३ मीटरच्या आत उभं करू नये.

स्कोअरबुक दर षटकाला समोरच्या स्कोअररशी ताडायचं. डाव संपल्यावर उलटी बेरीज करा. समजा फलंदाजांच्या १६४ धावा, वाइड ८, नोबॉल ३, बाय ७, लेगबाय ४, एकूण १८६. गोलंदाजांच्या खात्यात १६४ अधिक ८ अधिक ३ म्हणजे १७५ यायला हव्यात, आणि त्यात बाय-लेगबायच्या ११ मिळवल्या की १८६. जमत नसेल तर चूक बहुधा नोबॉलवर काढलेल्या धावांत असते. बाय गोलंदाजाच्या नावावर टाकणं ही दुसरी नेहमीची चूक. पंचांची सही होण्याआधी हे मिटवा, सही झाल्यावर कोणी ऐकत नाही.

हंगाम संपल्यावर

वेगवान गोलंदाजांना सहा ते आठ आठवडे गोलंदाजी पूर्ण बंद. पोहणं, पळणं चालेल. उन्हाळी शिबिरवाल्यांना हे पालकांमार्फत आधीच कळवा, कारण एप्रिलमध्ये शिबिरं सुरू होतात आणि तिथे रांगेत उभं करून टाकायला लावतात. गोलंदाजांच्या वहीची एक प्रत पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षकाकडे द्या. मॅट दोन दिवस उन्हात वाळवा, खिळे मोजून डब्यात ठेवा आणि गुंडाळी जमिनीवर न टाकता फळ्यांवर ठेवा. पावसाळ्यात उंदीर लागले तर सप्टेंबरात नव्या मॅटचा खर्च बसतो.