ग्राफिक्ससाठी व्हेक्टर-मॅट्रिक्सची लायब्ररी स्वतः कशी लिहावी

गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट पडद्यावर चालवायची तर लागतं काय? बोटीचं मॉडेल, पाण्याचा एक चौकोन आणि थोडं गणित. हे गणित जीएलएमसारखी सी प्लस प्लसची तयार लायब्ररी करून देतेच. तरीही एकदा हाताने लिहून बघा, नाहीतर पडदा काळा पडला की चूक शोधायची कुठे तेच कळत नाही. सी प्लस प्लस बऱ्यापैकी येत असेल तर काम फार मोठं नाही.

आधी वही घ्या आणि चार गोष्टी ठरवून टाका. व्हेक्टर, म्हणजे जागा किंवा दिशा सांगणारे आकडे, उभा म्हणजे कॉलम धरायचा. मॅट्रिक्स, म्हणजे व्हेक्टरला सरकवणारा किंवा फिरवणारा आकड्यांचा चौकोन, मेमरीत कॉलमने साठवायची. अक्ष उजव्या हाताच्या नियमाने. कोन रेडियनमध्ये. ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची प्रणाली) वापरणारे बहुधा असंच करतात. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी बिघडत नाही, पण अर्ध्यावर बदलू नका.

मग तीन आणि चार घटकांचे व्हेक्टर. बेरीज-वजाबाकीत सांगण्यासारखं काही नाही. डॉट प्रॉडक्ट प्रकाशाच्या हिशेबाला लागतो, क्रॉस प्रॉडक्ट लंब दिशा काढायला. लांबी १ करणाऱ्या नॉर्मलाइझ फंक्शनमध्ये मात्र लांबी शून्य तर नाही ना, हे भागाकाराआधी तपासा. चौथा घटक डब्ल्यू: बिंदूसाठी १, दिशेसाठी ०. त्यामुळे बोट सरकवली की तिचा कोपरा सरकतो, उन्हाची दिशा आहे तशीच राहते.

चार बाय चारची मॅट्रिक्स म्हणजे १६ फ्लोटचा सलग अ‍ॅरे. शून्यापासून मोजलं तर सरकवण्याचे आकडे १२, १३, १४ या जागी हवेत. ३, ७, ११ वर दिसले तर तुम्ही ओळीने साठवताय. शेडरला (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) पाठवताना ट्रान्सपोज, म्हणजे ओळी-कॉलमची अदलाबदल, ‘फॉल्स’ ठेवा. ब्राउझरमधल्या वेबजीएलच्या पहिल्या आवृत्तीत तर दुसरं काही चालतच नाही.

गुणाकार लिहून झाला की पुढे जाण्याआधी एक चाचणी घ्या. बिंदू (१, ०, ०). एक मॅट्रिक्स झेड अक्षाभोवती ९० अंश फिरवणारी, दुसरी एक्सच्या दिशेने ५ सरकवणारी. ‘सरकवणे गुणिले फिरवणे’ याचं उत्तर (५, १, ०) आलं पाहिजे, क्रम उलटा केला तर (०, ६, ०). मूळबिंदू म्हणजे धक्का धरला तर पहिल्यात बोट धक्क्यापासून ५ एकक लांब जाऊन तिथल्या तिथे वळलेली असते; दुसऱ्यात धक्क्याभोवती फिरून भलतीकडेच पोचते. गुणाकार उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेडरमधला ‘प्रोजेक्शन गुणिले व्ह्यू गुणिले मॉडेल’ हा क्रमही तसाच: आधी वस्तूची जागा (मॉडेल), मग कॅमेरा (व्ह्यू), शेवटी पडद्यावर उतरवणं (प्रोजेक्शन).

गाड्या चढतात तो रॅम्प याहून मजेचा. तो बोटीच्या मध्याभोवती नाही, बिजागरीवर फिरतो. म्हणून बिजागरी मूळबिंदूवर आणा, फिरवा, परत जागेवर न्या. या तिन्हींच्या गुणाकाराला डावीकडून बोटीच्या मॅट्रिक्सने गुणा. मग बोट कुठेही जाऊ दे, रॅम्प तिला धरूनच राहतो.

कॅमेऱ्यासाठी लक्ष्यातून डोळ्याची जागा वजा करून समोरची दिशा काढा. तिचा आणि ‘वर’ या दिशेचा क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे उजवी बाजू. बोट बरोबर डोक्यावरून बघायला गेलात की या दोन दिशा एका रेषेत येतात, क्रॉस प्रॉडक्ट शून्य होतो आणि चित्र गायब. अशा वेळी ‘वर’ म्हणून दुसरा अक्ष द्या.

प्रोजेक्शनमध्ये जवळची मर्यादा (कॅमेऱ्यापासून किती अंतरापुढचं दिसायचं ती) शून्य देऊ नका, खोलीचा, म्हणजे कुठली वस्तू किती मागे याचा, सगळा हिशेब सपाट होतो. ०.१ पासून सुरुवात करा. ओपनजीएलमध्ये खोली -१ ते १, व्हल्कन आणि डायरेक्टथ्रीडी या तशाच दुसऱ्या प्रणालींत ० ते १; त्यामुळे नेटवरून उचललेलं सूत्र कोणासाठीचं आहे ते आधी बघा.

एवढं चाललं की खुशाल जीएलएमकडे वळा, कारण वेग आणि क्वाटर्नियन (फिरवणं चार आकड्यांत मांडायची पद्धत) दोन्ही तिथे आयते मिळतात. फक्त जुने धडे जपून वापरा: जीएलएमच्या ०.९.९ आवृत्तीपासून नुसती जाहीर केलेली मॅट्रिक्स आपोआप आयडेंटिटी (गुणलं तरी काही न बदलणारी) होत नाही, कंसात १ द्यावाच लागतो.